मुकादमाचा पाय

ज्याला हे खोटं वाटेल त्याने नवी मुंबईतल्या करावे गावात यावं आणि माझ्या बहिणीला विचारावं. शेवंता अजून आहे. आमच्या घरात आजही दुपारी नळ सोडत नाहीत.

मी अक्षरं शिकलो तेव्हा डोक्यावर एकही काळा केस उरला नव्हता. त्यामुळे सजवून लिहिणं मला येत नाही. जे डोळ्यांनी पाहिलं, तेच लिहितो.

१९८१ सालचा नाताळ. भरदुपार. केनियाच्या किनाऱ्यावरचं एक नवं मिठागर.

नवी मुंबई वसायला लागली तशी आमची मिठागरं भरावाखाली गेली. आम्हा आगरी माणसांना दुसरं काम येत नव्हतं. तेव्हा एका शेठने मीठ पिकवणारी माणसं आफ्रिकेत नेली. मुकादम होते शेवंताचे मालक, पंढरी भावजी. मीही त्यांच्याबरोबर गेलो.

भावजींचा डावा पाय अधू होता. ते चालले की आधी उजवा पाय पडे आणि मग डावा फरफटत येई.

ठप... घस्स.

ठप... घस्स.

लांबूनच कळायचं, मुकादम आले.

मिठाची कोंडी, म्हणजे खारं पाणी आटवायचा वाफा, करताना चिखलाची जमीन पायांनी तुडवून घट्ट करतात. मुकादम बांधावर उभा राहून ओरडतो, "दाब रं... दाब!" त्या तालावर माणसं पाय आपटतात. शेवटचा माणूस लाकडी फळीने सगळ्यांची पावलं पुसत मागे मागे येतो. पावलं पुसल्याशिवाय कोंडीत पाणी सोडायचं नाही, हा आमचा बापजाद्यांपासूनचा नियम.

आमच्यात दत्तू नावाचा एक तरुण होता. उरणजवळच्या मोऱ्याचा. आईला एकुलता एक. तोंडाने फटकळ, पण मनाने निर्मळ.

एकदा तो चिखलातूनच ओरडला, "मुकादम, तोंड तं आमाला पन हाय! एक डाव तुमचा पाय लागू द्या की चिखलाला!"

सगळे हसले. मीही हसलो.

भावजी हसले नाहीत.

"बघतू तुना," एवढंच म्हणाले.

नाताळ आला. आपल्याकडे तेव्हा अंगावर गोधडी लागते. तिथे उन्हाने पाठ सोलून निघत होती. पाण्याचा टँकर चालवणारा जोसेफ सणासाठी गावी निघाला आणि आम्हा सगळ्यांना जेवायला घेऊन गेला.

सगळ्यांना नाही. भावजींनी दत्तूला थांबवलं.

"ही कोंडी आज तुडवून झाली पायजे. तू एकटाच तुडव. लई जोर हाय ना पायात?"

भावजी स्वतः बांधावरच्या खोपीत बसले. पिण्याच्या पाण्याचं एकच पिंप होतं. तेही खोपीत. त्याला कुलूप आणि चावी भावजींच्या कमरेला.

जोसेफच्या गावात माडाच्या झावळ्यांनी चर्च सजवलं होतं. बाया ढोलावर गात होत्या. आम्ही बोकडाचं मटण आणि भात पोटभर जेवलो.

परत आलो तेव्हा ऊन उतरत होतं.

दत्तू खोपीच्या दाराशी पडला होता. ओठ फुटलेले. जीभ सुजून बाहेर आलेली.

आणि कोंडीत... पाणी भरलेलं होतं.

"छातीत कळ आली त्याच्या," भावजी म्हणाले.

मी आत जाऊन पाहिलं. पिंप भरलेलं होतं. कुलूप तसंच. पिंपाच्या पत्र्यावर मात्र नखांचे ओरखडे होते.

"भावजी, त्याला पानी दिलं नाय तुमी?"

"तोंड सांभाल. तुजी बहीन माज्या घरात हाय."

"आनि पावलं पुसली कोनी? पानी कोनी सोडलं?"

ते पाय फरफटत खोपीबाहेर निघून गेले.

दत्तूला तिथेच अग्नी दिला. पुढे कडक ऊन पडलं. त्या कोंडीतलं पाणी आटत गेलं आणि तळ दिसू लागला...

सगळ्या तळावर मिठाचा पातळ पापुद्रा होता. पण एका ओळीत मीठ जाड धरलं होतं.

पांढरीशुभ्र पावलं...

चिखलातून खोपीकडे गेलेली. परत आलेली. पुन्हा खोपीकडे गेलेली. पुन्हा परत. शेवटची जी खोपीकडे गेली, ती परतलीच नव्हती.

दत्तू किती वेळा पाणी मागायला गेला, ते मीठच सांगत होतं. तेच लपवायला भावजींनी घाईने पाणी सोडलं होतं. पण पावलं पुसायला चिखलात उतरावं लागतं. ते काही उतरले नव्हते.

त्यांनी कुदळीने ती पावलं फोडली. दुसऱ्या दिवशी उन्हात ती पुन्हा पांढरी दिसली.

पावसाळ्याआधी आम्ही घरी परतलो. भावजींनी वाशीला दुसऱ्या मजल्यावर खोली घेतली. नळाला गोडं पाणी. शेवंता खूश होती.

डिसेंबर लागला आणि भावजी एकदम ओरडले, "पानी खारट हाय!"

शेवंताने चाखलं. गोड होतं.

मी करावेच्या विहिरीचं पाणी नेलं. शहाळी नेली. मी घोट घेतला की गोड. तोच गडू त्यांच्या तोंडाला लावला की... थू!

खालच्या मजल्यावरच्या अरुणाबाई वर आल्या. साताऱ्याकडच्या, सरळ बोलणाऱ्या. "अहो शेवंताबाई, भरदुपारी काय लावलंय? धाप धाप पाय आपटतंय कोण?"

घरात भावजी एकटेच होते. खाटेवर पडलेले.

आणि मोरीपासून खाटेपर्यंत... फरशीवर पांढरी पावलं होती.

मी एक पाऊल बोटाने पुसून जिभेला लावलं.

मीठ.

शेवंताने माझे पाय धरले. "दादूस, यांना वाचव रं. काय पन कर."

त्या दिवशी भावजींनी सगळं कबूल केलं. "तो आलता... लई वेला आलता. मी चावी दिली नाय. जरा तोंड बंद होईल म्हनून..."

मी म्हणालो, "मोऱ्याला चला. त्याच्या आईला खरं सांगा. तिच्या हातचं पानी मागा. दुसरा उपाय मना दिसत नाय."

नाताळच्या आदल्या दिवशी आम्ही तिघं मोऱ्याला गेलो. दत्तूची आई सुंदराबाई दारात जाळं विणत बसली होती. भावजींचे फुटलेले ओठ पाहून ती काही न विचारता उठली. तांब्याभर पाणी घेऊन आली.

भावजींनी घोट घेतला.

डोळे मोठे झाले. "गोड हाय... शेवंता, गोड हाय गो!"

शेवंता रडायला लागली. मला वाटलं, सुटलो.

सुंदराबाईने हळूच विचारलं, "मुकादम, माजा पोर जाताना... पानी पिऊन गेला ना रं?"

भावजींनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. सांगा. आता तरी सांगा.

भावजी म्हणाले, "हो. मीच पाजला. माज्या हातानं."

आणि पुढचा घोट घेतला...

तांब्या हातातून पडला. ते ओकले. अंगणात पांढरं पाणी सांडलं. सुंदराबाई ते बघत राहिली. मग आत गेली. दार लावून घेतलं. खरं काय झालं ते मीही तिला कधी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी नाताळ. भरदुपारी अरुणाबाईंचा मुलगा मला बोलवायला आला.

मी पोचलो तेव्हा शेवंता जिन्यात बसली होती. दार आतून बंद. आतून आवाज येत होता.

"दाब रं... दाब!"

आवाज भावजींचा नव्हता.

"दाब रं... दाब!"

मग पायांचा आवाज...

ठप... घस्स. ठप... घस्स.

आम्ही दार तोडलं तेव्हा तो आवाज थांबला होता.

भावजी मोरीत पडले होते. नळ पूर्ण सुटलेला. डोक्यावर पाण्याची धार पडत होती आणि जीभ लाकडासारखी कोरडी.

दुसऱ्या मजल्यावरची सिमेंटची खोली. तरी त्यांच्या दोन्ही पायांना... गुडघ्यापर्यंत ओला चिखल होता.

शेवंताला मी करावेला घेऊन आलो. आता आमच्या मिठागरांवर रस्ते आहेत, उंच इमारती आहेत. खाडीकडे थोडं खाजण, भरतीचं पाणी चढणारी चिखलाची जमीन, तेवढं उरलंय.

नाताळच्या दुपारी त्या बाजूने हाक येते आणि मागोमाग ठप... घस्स. पोरं म्हणतात, कुठेतरी बांधकाम चाललं असेल. पण शेवंता कान देते आणि पदर तोंडात धरते. नवऱ्याची चाल बायकोला नाही कळणार, तर कोणाला?

ती दरवर्षी त्या दिवशी उंबऱ्याबाहेर गोड्या पाण्याचा तांब्या ठेवते.

संध्याकाळी मी तो आत आणतो. तांब्या भरलेलाच असतो.

गेल्या नाताळला न राहवून मी एक घोट घेतला...

खारट होता.