वाऱ्याकडचं झाड

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी सकाळी साडेसातला मधुमतीकाकूंच्या अलॉटमेंटवरचं, म्हणजे कौन्सिलनं भाड्यानं दिलेल्या बागेच्या तुकड्यावरचं, तारबूचं एक झाड बुंध्यापासून कापलेलं आढळलं.

"पोलीस म्हणून नको, पुतणी म्हणून ये," एवढंच काकू फोनवर म्हणाल्या. इंग्लंडातच वाढलेली, मोडक्या मराठीची सार्जंट आश्लेषा मँचेस्टरच्या दुसऱ्या टोकाहून निघाली.

तारबू म्हणजे सी-बकथॉर्न. त्याची आंबट केशरी फळं तिबेटी वैद्य कफावर देतात. काकू निवृत्त भूलतज्ज्ञ. स्पितीहून आणलेल्या बियांपासून त्यांनी ही काटेरी झुडपं कौन्सिलच्या जमिनीवर वाढवली होती. पुढच्या हंगामापासून एका तिबेटी दवाखान्याला फळं एकट्या त्याच पुरवणार होत्या.

कुंपणालगतची झुडपं फळांनी लगडलेली, जशीच्या तशी. कापलं होतं ते पश्चिमेच्या कोपऱ्यातलं, वाऱ्याच्या तोंडावरचं. तोडलेल्या फांद्या मात्र कुठेच नव्हत्या.

"काकू, ह्या झाडाला फळ होता?"

"कधीच नाही."

"मग इतक्या रडता का?"

काकूंनी तोंड फिरवलं.

आश्लेषा गाडीत बसून बराच वेळ फोनवर तारबूबद्दल वाचत राहिली. मग शेजारच्या तुकड्यावरच्या नंदूकाकांकडे गेली.

"काकूंचं एक झाड कोणीतरी कापलं."

"एकच? मी असतो तर कुंपणाकडची सगळी उपटली असती! मुळं माझ्या बटाट्यांत घुसतात. फळं गेली असतील बिचारीची?"

तिथून ती शशीमावशींकडे पोचली. मावशी काकूंची हॉस्पिटलातली जुनी मैत्रीण. त्यांच्या मागच्या अंगणातही त्याच बियांची झुडपं होती. फळ मात्र एकालाही नाही.

"काकूंचं एक झाड कोणीतरी कापलं."

"अगंबाई! असो. यंदाची फळं तरी सगळी वाचली तिची."

आश्लेषानं चहाचा कप खाली ठेवला. "फळवाला झाड वाचला, हे तुम्हाला कोणी सांगितलं, मावशी?"

मावशी तिचा कप उचलायला लागल्या.

"तारबूत नर वेगळा, मादी वेगळी," आश्लेषा म्हणाली. "नराला फळ नाही. पण त्याचे पराग वाऱ्यानं गेले नाहीत, तर मादीलापण नाही. म्हणून काकूंनी तो एकच नर वाऱ्याकडे लावला. नंदूकाकांना राग मुळांचा. ते कुंपणाकडची कापणार, काट्यांच्या फांद्या घरी नेणार नाहीत. त्या फांद्या कोणाला पाहिजेत? ज्यांच्याकडे नुसत्या माद्या आहेत. कलमं कुठे आहेत?"

मावशींनी काचघराचं दार उघडलं. कुंड्यांत काटेरी कांड्या ओळीनं खोचलेल्या होत्या.

"किती वर्षं विचारत होते मी, फळ का धरत नाही? म्हणायची, शशी, तुझी मातीच वाईट. परवा दवाखान्यातल्या वैद्यांकडून कळलं. तिला सगळं माहीत होतं गं!"

"एक फांदी पुरली असती. अख्खा झाड का कापला?"

"फांदी मला हवी होती म्हणून. झाड तिच्याकडे नको म्हणून."

संध्याकाळी आश्लेषानं काकूंना एकच प्रश्न विचारला. "मावशींना खरं का नाही सांगितलं?"

"मग दवाखान्यानं दोघींकडेही फळं मागितली असती," काकू म्हणाल्या.

मार्च संपत आला. काकूंनी तक्रार दिलेली नाही. मावशींच्या कुंड्यांत दोन कांड्यांना कोंब आले आहेत. काकूंनी एक मागितलेली नाही, आणि मावशींनी देऊ केलेली नाही.