मागच्या भिंतीची खिडकी

"माझ्या नोएला कोणी मारलं, एवढंच शोधून द्या," एलोइसा माँटान्यो म्हणाली आणि तिने टेबलावर बांधकाम परवान्याचं कार्ड आणि घराचा नकाशा ठेवला.

पर्ला दिमायुगाने कार्ड उचललं. खासगी तपासाचं काम सुरू करण्याआधी तिने स्टॉकटनमध्येच अकरा वर्षं घरांचे नकाशे काढले होते. तिचा कामातला जोडीदार बेनितो ओचोआ बसचालक होता, निवृत्तीनंतर तिची गाडी चालवायचा. त्याला नकाशातलं काही कळत नसे. समोरच्या बाईच्या चेहऱ्याकडे मात्र त्याला बघवेना.

माँटान्योंनी घरामागच्या अंगणात मुलासाठी छोटं घर बांधलं होतं. नोए सव्वीस वर्षांचा, व्यसनातून नुकता बाहेर आलेला. जूनमधल्या एका रविवारी आईवडील चर्चमध्ये असताना दाराशी आग लागली. बाहेर पडायला उरली ती झोपायच्या खोलीची खिडकी. ती हातभर रुंद आणि छातीच्याही वर होती. नोए तिच्याखालीच सापडला.

"नकाशात पाच फुटी खिडकी आहे," पर्ला म्हणाली. "माणसाला बाहेर पडता येईल एवढी. नियमच आहे तसा."

"मग त्या ठेकेदार ड्वेनने लहान बसवली आणि सरकारी तपासनिसाने डोळे मिटून सही केली! दोघांतला कोण, ते सांगा."

ठेकेदार ड्वेन हॅकेट फोनवरच भडकला. "बाई, मी मोठीच बसवली! बारा मार्चला शेवटची तपासणी झाली, महिनाअखेर मी नेवाडाला आलो. तेव्हापासून इथेच आहे. हजेरीपट मागवून घ्या."

तपासनीस वेस्ली चिन घरी बसून होता. चौकशी संपेपर्यंत त्याला कामावरून दूर केलं होतं.

"मी टेप लावून मोजली होती," तो म्हणाला. "पण आता माझ्यावर कोण विश्वास ठेवणार? माझी बायकोसुद्धा विचारते, नक्की मोजलीस ना?"

"खोटं बोलतोय," गाडीत बसताना बेनितो म्हणाला.

"तुला सगळेच खोटारडे वाटतात. बस चालवताना फुकटे पकडून पकडून सवय लागलीय तुला."

माँटान्योंच्या अंगणात नोएचे वडील एव्हारिस्तो भेटले. पर्ला कुंपणाच्या भिंतीवरून हात फिरवत होती. गिलाव्यात पंख्यासारख्या लाटा होत्या, सगळ्या डावीकडे झुकलेल्या.

"सुरेख काम आहे, सेन्योर एव्हारिस्तो."

"माझंच. चाळीस वर्षं थापी धरली या डाव्या हातात." मग ते हळूच म्हणाले, "बाई, हे सोडून द्या ना. मुलगा काही परत येत नाही."

जळक्या खोलीत पर्ला बराच वेळ थांबली. खिडकीवर पडद्याची लोखंडी दांडी अजून टिकून होती. तिचे दोन आधार एकमेकांपासून पाच फुटांवर होते. तडकलेल्या दुहेरी काचेच्या कडेच्या पट्टीवर बारीक आकडे होते. ते तिने बेनितोला वाचायला लावले.

"चौथा महिना, यंदाचं साल. बरं, मग?"

ती बाहेर गेली आणि मागच्या गल्लीतून खिडकीभोवतीचा गिलावा बघून आली.

"सेन्योरा एलोइसा, एप्रिलमध्ये तुम्ही कुठे होता?"

"एल पासोला. बहिणीचं ऑपरेशन होतं. पाच आठवडे."

"परत आल्यावर ही खिडकी पाहिली नाहीत?"

"गल्लीकडे कशाला जाऊ? आतून तर नोए पडदा ओढूनच ठेवायचा."

पर्लाने नवराबायको दोघांना स्वयंपाकघरात बसवलं.

"एवढ्या लांब दांडीचं हातभर खिडकीला काय काम? म्हणजे आधी तिथे मोठी खिडकी होती. चिन खरं बोलला. ही काच एप्रिलमध्ये तयार झाली. तपासणी मार्चमध्ये झाली होती आणि ड्वेन नेवाडात होता. मोठी खिडकी काढून उरलेली जागा कोणीतरी बुजवली. त्या गिलाव्याच्या लाटा डावीकडे झुकलेल्या आहेत. बाहेरच्या कुंपणासारख्याच."

एलोइसा नवऱ्याकडे वळली. त्यांनी मान वर केली नाही.

"तो रात्री खिडकीतून निघून जायचा," ते म्हणाले. "तू नव्हतीस. दोनदा मी त्याला नदीकाठून उचलून आणलं. मग त्यानेच म्हटलं, पापा, बुजवून टाका ती. माझा माझ्यावर भरवसा नाही. हवेपुरती लहान बसवून बाकीचं मी लिंपत होतो आणि तो घमेलं धरून उभा होता."

"आणि नियम?" पर्लाने विचारलं.

"मला वाटलं, मोठी खिडकी उजेडासाठी सांगितली असेल."

एलोइसाने उठून शेगडीवरचं भांडं उतरवलं आणि पाठमोरी उभी राहिली. "माझ्यासमोरून जा," ती म्हणाली.

"नाहीतर चिनची नोकरी जाईल. मला हे कळवावं लागेल," पर्ला म्हणाली.

"मीच सांगतो." एव्हारिस्तोंनी टोपी घेतली. दारात ते थोडा वेळ थांबले. मागून कोणी आलं नाही.

परवाना खात्याच्या खिडकीशी बेनितो त्यांच्या बाजूला उभा होता. पलीकडच्या मुलीने वर न बघताच विचारलं, "काय काम आहे, आजोबा?"

"बांधकामात बदल केला होता. न विचारता."

तिने अर्ज पुढे सरकवला. एव्हारिस्तोंनी नाव लिहिलं, पत्ता लिहिला. 'बदलाचं कारण' या ओळीपाशी पेन अडलं. रांगेतलं कोणीतरी खाकरलं. बेनितोने त्या माणसाकडे असं पाहिलं की तो गप्प झाला.

मग एव्हारिस्तोंनी सावकाश, शाळकरी अक्षरात लिहिलं: मुलगा घरात राहावा म्हणून.