ठोसा मारून बसवलेला प्लग

खळ्ळ! मामाच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानाच्या काचेतून स्टूल आत आलं आणि त्याच्यामागोमाग बॉक्सिंगचे कोच!

"मला फसवतोस?" म्हणत त्यांनी मामाची गचांडी धरली आणि असा ठोसा हाणला, की मामा कपाटावर आदळून खाली कोसळला. त्याचा ओठ फाटला. भिंगरी, तिचा धाकटा भाऊ टिल्लू आणि मामाचा मुलगा चष्मिस सुट्टीसाठी आणलेला नवा गेम कॉपी करायच्या बेतात होते. तिघांची बोबडीच वळली!

कोचनी जळकी फ्लॉपी ड्राइव्ह टेबलावर आपटली. "लावली आणि धूरच धूर! पोरीचा हात भाजला माझ्या!"

ड्राइव्ह दुसऱ्याच कंपनीची. कोचच्या घरच्या कॉम्प्युटरशी जुळावी म्हणून मामानं तिच्या वायरी बदलल्या होत्या.

"मी चालवून बघूनच दिली होती," मामा रक्त थुंकत म्हणाला.

"खोटं!" कोचनी त्याचा उजवा हात पिरगाळून टेबलावर दाबला. "ह्याच हातानं केलंस ना? मोडतोच आता!"

त्या हातावरच तर घर चालत होतं! टिल्लू धावला आणि कोचच्या दंडाला कडकडून चावला. एका झटक्यासरशी तो भिंतीवर आपटला. नाकातून रक्त! गल्ल्यावर बसलेली मामी शेजाऱ्यांना हाका मारत बाहेर पळाली.

भिंगरीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तेवढ्यात तिचं लक्ष जळक्या ड्राइव्हकडे गेलं. प्लग बसतो त्या खाचेचे कोपरे चक्क फुटले होते!

"काका, थांबा!" ती ओरडली. "तुम्ही प्लग कसा लावलात, ते ह्या दुसऱ्या ड्राइव्हवर दाखवा ना! आमच्यानं बसतच नाही, फार घट्ट आहे!"

"खाता काय रे तुम्ही?" कोचनी मामाचा हात सोडला. चष्मिसनं गुपचूप प्लग पुढे केला. त्याला वीज जोडलेलीच नव्हती. कोचनी तो घरी धरला होता तसाच धरून दाबला. बसेना. मग त्यांनी मूठ वळली. धाड! कडकन आवाज झाला आणि प्लग आत गेला.

"बघा!" भिंगरीनं दोन्ही ड्राइव्ह शेजारी शेजारी धरल्या. कोपरे अगदी सारखेच फुटलेले! "उलटा बसू नये म्हणून प्लगचे दोन कोपरे तिरपे असतात. तुम्ही ठोसा मारून उलटाच बसवलात! पाच व्होल्टच्या जागी बारा गेले. जाळलीत तुम्ही आणि मार खाल्ला मामानं!"

मामीबरोबर दारात जमलेले शेजारी वाकून ते कोपरे बघू लागले. कोचचा चेहरा पडला.

"शाबास, पोरी!" शेजारचे शिंपीकाका म्हणाले. "आम्ही नुसते बघत राहिलो."

"मारा मला," कोच मामासमोर मान खाली घालून पुटपुटले.

मामा कपाटाला धरून उठला. "काचेचं आणि माझं नंतर बघू. आधी त्या पोराची माफी मागा."

एवढा धिप्पाड माणूस टिल्लूपुढे गुडघ्यांवर बसला. "चुकलो रे, बाळा."

मामीच्या पदरानं नाक दाबून टिल्लू म्हणाला, "मीपण चावलो तुम्हाला. पण मी नाही माफी मागणार!"

मामाला हसू फुटलं आणि त्याच्या ओठातून पुन्हा रक्त वाहू लागलं.