पाच टक्के

"तुम्ही इथे... श्वास घेताय?"

तिने टेबलावरचं डोकं दचकून उचललं. दारात तो उभा. सूक्ष्मदर्शकाच्या खोलीत यंत्रांच्या दिव्यांपुरताच उजेड होता, म्हणून बरं. सुजलेले डोळे चटकन दिसणार नव्हते.

"बंद करू का मग?"

"नको, घ्या. पण तोंड तिकडे करून."

ती खालच्या प्रयोगशाळेतली, तो वरच्या मजल्यावरचा संशोधक. सूक्ष्मदर्शकावरच्या बंद पेटीत त्याच्या जिवंत पेशी असायच्या. पेटीतला कार्बन डायऑक्साइड पाच टक्क्यांवर आहे ना, हे बघायला तो इतक्यांदा खाली यायचा की सगळे त्याला 'पाच टक्के'च म्हणत.

टेबलावर लोळणारी बारीक नळी त्याने उचलली. "ही पेटीतली हवा तपासते. बाहेर निघाली आणि तुमचाच श्वास तपासत बसली. यंत्राला वाटलं, पेटी भरली. त्याने वायू बंद केला."

दोघं पेटीवर वाकले. पेशींभोवतीचा गुलाबी द्रव पार जांभळा झाला होता. पेशी आक्रसून गेल्या होत्या.

कोपर टेकताना काहीतरी निसटलं होतं... तिचे कान तापले.

"मीच नीट बसवली नसेल," तो म्हणाला. "तुम्ही वाफ घ्या. सर्दी झालेली दिसते."

"हो... सर्दीच."

ती जिन्यापर्यंत गेली आणि तिथेच थबकली. बाबा गेल्यापासून ती घरी रडली नव्हती. आई खचेल म्हणून. आत्या येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगायची, "पोरगी खंबीर आहे हो." ही खंबीर पोरगी अंधारात लपून रडत होती, आणि आता दुसऱ्याच्या माथी आपली चूक मारून पळत होती. बाबा असते तर ओरडले नसते. "परत जा बघू," एवढंच म्हणाले असते.

ती परत गेली. तो नळी पुसत स्वतःलाच काहीबाही बोलत होता.

"नळी माझ्या कोपराने निघाली," ती खाली बघत म्हणाली. "आणि सर्दी नाहीये. माझे बाबा गेले. घरी रडता येत नाही... इथे अंधार असतो."

त्याने नळी खाली ठेवली. मग हळूच म्हणाला, "सर्दी नाही, ते कळलं होतं."

"मग खोटं का बोलू दिलंत?"

"तुम्हाला अवघडायला नको म्हणून. पण तुम्ही परत यावं... असंही वाटत होतं."

"पेशींचं काय?"

"पुन्हा वाढवायच्या. तीनेक आठवडे जातील."

"मी येते मदतीला."

"शरमेपोटी येणार असाल तर नको."

"सुरुवातीला शरमेपोटीच येईन," ती म्हणाली. "पुढचं पुढे."

ती रोज आली. नव्या पेशी पेटीत ठेवल्या त्या दिवशी त्याने नळी चिकटपट्टीने पक्की केली आणि एक स्टूल टेबलाच्या पार टोकाला सरकवलं.

"हे कोणासाठी?"

"तुझ्यासाठी." तो पहिल्यांदाच 'तू' म्हणाला आणि स्वतःच गोंधळला. "म्हणजे... रडायचं झालं तर. तिथून नळीपर्यंत श्वास पोचत नाही. मी बसून पाहिलंय."

ती बसली. डोळे भरून आले, पण या वेळी तिने तोंड फिरवलं नाही. थोड्या वेळाने स्टूल उचलून तिने त्याच्या शेजारी आणून ठेवलं.

"किती झाले?" तिने विचारलं.

"आकडा तू बघ," तो म्हणाला. "माझं... लक्ष नाहीये."

तिने पाहिलं. पाच.