चारशे बारावा पत्ता

कोलशेतच्या खाडीजवळच्या त्या रेशीम गिरणीत माग बंद पडला की आधी त्याला कुणी हात लावायचा नाही, असा गुरुदत्तचा नियम होता. गुरुदत्त तिथला डिझाइन मास्तर. चौकटीच्या कागदावर तो वेलबुट्टी काढायचा आणि तिच्या एकेका ओळीसाठी पुठ्ठ्याच्या एकेका पत्त्याला भोकं पाडायचा. पत्त्यांची माळ मागावर फिरे. भोक असेल तिथला आकडा, म्हणजे धाग्याचा तारेचा हूक, वर जाई, आकड्याबरोबर धागा, आणि खाली कापडावर फूल उमटे. माग मध्येच अडला तर पहिल्यांदा चिठ्ठी भरायची: कितवा पत्ता, कोणते आकडे वर, आडवा धागा नेणारा धोटा कुठे, माग चालू करायच्या दांड्यावर हात कुणाचा. खाली विणकराने अंगठा द्यायचा. मग काय ती दुरुस्ती. आधीच दांडा ओढणं म्हणजे मेलेल्याला जाळून मग नाडी बघणं, असं तो म्हणायचा.

पाळीवर देखरेख करणाऱ्या उत्तमरावांना ही सगळी थेरं वाटत. १९५४ सालच्या मार्गशीर्षात नऊ नंबरचा माग चारशे बाराव्या पत्त्यावर थांबला. विणकर रघू तुटलेला धागा जोडायला धागे ठोकणाऱ्या फणीपुढे वाकला होता. उत्तमराव आले, चिठ्ठीबिठ्ठी नंतर, असं म्हणाले आणि त्यांनी दांडा ओढला. रघूचा हात कोपरापर्यंत चेचला गेला. तिसऱ्या दिवशी तो दवाखान्यातच वारला. अर्धी भरलेली चिठ्ठी उत्तमरावांनी फाडायला लावली आणि गुरुदत्तने ती फाडली. विणकराचाच निष्काळजीपणा, असं चौकशीत ठरलं. तेव्हापासून उत्तमरावांचा नुसता खोकला ऐकला तरी गुरुदत्तच्या तळपायाची आग मस्तकात जायची. त्यातली अर्धी आग स्वतःवरचीच होती.

नऊ नंबरवर आता रघूचा धाकटा भाऊ भिवा होता. आधी मिठागरात राबलेला, अबोल माणूस. त्याच्या हाताखाली तो माग रोज एकदा थांबू लागला. कधी सकाळी, कधी जेवणाच्या सुट्टीनंतर, पण नेहमी चारशे बाराव्या पत्त्यावर. गुरुदत्तने पत्ता बदलून पाहिला, स्प्रिंगा बदलल्या, तेल दिलं. एक दिवस तर चारशे अकरानंतर सरळ चारशे तेरा लावला. त्या दिवशीही माग तिथेच थांबला.

वाईट गोष्ट वेगळीच होती. वर गेलेले आकडे पत्त्याच्या भोकांशी जुळत नव्हते. भोक नसलेल्या जागचे आकडे वर असायचे, आणि रोज वेगळे. गुरुदत्त दात-ओठ खात सगळं चिठ्ठीवर उतरवत होता. भिवा मुकाट्याने अंगठा देत होता.

सव्वीस दिवसांच्या सव्वीस चिठ्ठ्या झाल्या तेव्हा उत्तमरावांनी निकाल दिला. भिवा सुडापायी माग बंद पाडतो. शनिवारी त्याच्याकडून तसा कबुलीजबाब घ्यायचा आणि त्याला फाटकाबाहेर काढायचं. मारणारा खुर्चीत आणि मेलेल्याचा भाऊ रस्त्यावर, हा कुठला न्याय! गुरुदत्तने शुक्रवारी जेवणाचा डबाही उघडला नाही. सवयीने चौकटीचा कागद ओढला आणि सव्वीस दिवसांच्या आकड्यांच्या सव्वीस ओळी एकीखाली एक भरल्या.

नक्षी झाली ती फुलाची नव्हती. गोल फिरत जाणाऱ्या रेघा होत्या, मधोमध त्यांना कापणारी एक तिरपी चीर.

त्याने मागल्या वर्षीच्या चिठ्ठ्या काढल्या. रघूच्या अंगठ्यावर कोयत्याची जुनी खूण होती. तिरपी, अशीच.

शनिवारी दुपारी उत्तमरावांच्या खोलीत तिघेच होते. 'मी माग मुद्दाम बंद पाडला' असा कागद तयार होता. गुरुदत्तने आपला चौकटीचा कागद पुढे केला. उत्तमरावांनी तो न बघताच बाजूला सारला, भिवाचं मनगट धरलं, अंगठा शाईत दाबला आणि कागदावर टेकवला.

भिवा खाली वाकून बघत राहिला.

"यो माझा नाय," तो म्हणाला. "यो दादाचा हाय."

चीर स्पष्ट होती. उत्तमरावांनी दुसरा कागद घेतला, मग तिसरा. भिवाच्या कोऱ्या, बिनखुणेच्या अंगठ्यातून दर वेळी चिरेचा ठसा निघत होता. शाईची पेटीच खराब आहे, असं ओरडून त्यांनी स्वतःचा अंगठा बुडवला आणि दाबला.

चीर.

त्यांनी धोतराला अंगठा पुसला. पुन्हा दाबला. पुन्हा तेच.

बाहेर माग खडखडत होते. गुरुदत्तच्या मनात एक वर्ष कोंडलेलं आता ओठांवर नाही, हातात आलं. त्याने कोरी चिठ्ठी घेतली आणि रघूच्या दिवसाची नोंद लिहिली. पत्ता चारशे बारा. विणकराचा हात फणीत. दांडा ओढला उत्तमरावांनी. चिठ्ठी फाडली मी, गुरुदत्तने.

"आता ह्यावर लावा," तो म्हणाला.

उत्तमरावांनी चिठ्ठी वाचली. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. पण त्यांना आपला अंगठा परत हवा होता. त्यांनी दाबला.

ठसा त्यांचाच निघाला. चीर नाही, काही नाही. कबुलीजबाबाचे कागद त्यांनी आपल्या हातांनी फाडले आणि भिवाकडे न बघता ते खोलीबाहेर गेले.

भिवाची नोकरी राहिली. गुरुदत्तला फार दिवसांनी मोकळा श्वास घेता आला. मग त्याने त्याच चिठ्ठीवर, उत्तमरावांच्या ठशाशेजारी, स्वतःचा अंगठा टेकवला.

तिरपी चीर.

त्याने चिठ्ठी पुन्हा वाचली. एकही अक्षर खोटं नव्हतं.

मग टाक उचलून त्याने खाली एक ओळ वाढवली: दांडा ओढण्याआधी रघूने मला हाक मारली होती, ती ऐकूनही मी पुढे झालो नाही.

भिवाला वाचता येत नव्हतं. तो टेबलाजवळ सरकला आणि त्याने त्या नव्या ओळीवर बोट ठेवलं.

"हितं काय लिवलाव, मास्तर? वाचा ना."