मॉडेलात नसलेलं माणूस

काम तसं काहीच नव्हतं. दुसऱ्या दिवशी शहराचं मॉडेल लोकांसाठी खुलं व्हायचं होतं, त्याआधी जुन्या वस्तीतल्या घरांवरून एकदा नजर फिरवायची, बस. भर दुपारी, डबा खाऊन डोळे जड झालेले असताना उरकावं असं काम. तिला सगळे नकाशेवाली म्हणत. हे नाव वडिलांनी ठेवलेलं आणि ऑफिसातही तेच चिकटलेलं.

आता हे मॉडेल म्हणजे काय, तर अख्खं शहर. विमानातून काढलेल्या फोटोंवरून उभं केलेलं एकेक घर, एकेक गच्ची. ते इतकं अवजड की कोणाच्या फोनात मावायचं नाही. म्हणून ते सर्व्हरवरच राहायचं. सर्व्हर त्यावरून चित्रं काढायचा आणि वेबसाइटवर तेवढी चित्रंच जायची. मॉडेलात नाही ते चित्रात यायचा प्रश्नच नव्हता. आणि मॉडेलात माणसं नव्हती. फोटोत सापडलेलं प्रत्येक माणूस पुसायचं, असा नियमच होता.

तिनं आपल्या आईलाही पुसलं होतं. माहेरच्या गच्चीवर कपडे वाळत घालताना आई नेमकी फोटोत सापडली होती. हात वर, समोर बाबांचा शर्ट. शर्ट उलटा, कॉलर खाली, आणि घेराला तीन चिमटे. आईची ती जन्माची खोड. फोनवर हे ऐकून आई खो खो हसली होती.

"पुसलंस ना? बरं केलंस बाई! तो फाटका गाऊन जगाला कशाला दाखवायचा?"

पुढच्याच वर्षी आई गेली. बाबा त्या घरात एकटेच राहिले, हट्टानं.

तर त्या दुपारी माहेरची गच्ची पडद्यावर आली आणि नकाशेवालीचा हात थांबला. गच्चीवर कोणीतरी होतं. चेहरा नाही, नुसता करडा आकार, हात वर केलेला.

"सर्व्हरवर जुनं चित्र राहिलंय वाटतं," ती पलीकडच्या सर्व्हरवाल्याला म्हणाली. आवाज साधा ठेवायला तिला जरा जड गेलं.

"राहिलं असेल. पुसून नवीन काढतो, त्यात काय!"

खोलीत पंख्यांची एकसुरी घरघर चालू होती. तापलेल्या धुळीचा वास येत होता. नवीन चित्र हळूहळू तुकड्यातुकड्यानं उमटलं. आकार होताच. पण आता तो दोरीपाशी नव्हता, पाण्याच्या टाकीजवळ उभा होता.

सर्व्हरवाल्यानं मॉडेल उघडून पाहिलं. गच्ची रिकामी. दोरी, टाकी, बाकी काही नाही.

"मग हा सर्व्हर काढतोय काय...?" तो पुटपुटला.

"परत काढ."

या वेळी आकार टाकीमागे वाकला होता. कोणी खाली पडलेलं असलं की आपण वाकतो, तसा.

नकाशेवालीनं बाबांना फोन लावला. घंटा वाजत राहिली. पुन्हा लावला. पुन्हा नुसती घंटा. मग मात्र ती पर्स, चप्पल कशाचाही विचार न करता धावत सुटली.

माहेरच्या दाराची एक किल्ली शेजाऱ्यांकडे असायची, ती घेऊन तिनं दार उघडलं. आत फोन टेबलावर पडलेला. जिन्यावर दमट गारवा, आणि कपड्यांच्या साबणाचा वास. वरचं दार वाऱ्यानं आपटून त्याची कडी आतून पडली होती. तिनं कडी काढली.

बाबा टाकीमागच्या वीतभर सावलीत पडले होते. पाय मुरगळलेला, ओठ सुकलेले. पण डोळे उघडे होते.

"आलीस...? ती म्हणालीच. नकाशेवाली निघालीय, तोवर सावलीत सरका..."

"कोण म्हणालं, बाबा?"

बाबांनी डोळे मिटले. "पाणी दे आधी," ते म्हणाले, आणि त्या वैतागलेल्या सुरानंच तिचा जीव भांड्यात पडला. ती जिन्यात बसून रडली, मग हसली, मग पुन्हा रडली. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलंय, पायाला सूज आहे, दोन दिवसांत ठणठणीत होतील. आणखी थोडा उशीर झाला असता तर मात्र कठीण होतं.

संध्याकाळी बाबा तिच्या घरी पलंगावर घोरत होते. त्या घोरण्यावर लहानपणी ती किती चिडायची! आज तिला ते ऐकतच राहावंसं वाटत होतं. जरा निवांत झाल्यावर तिनं लॅपटॉप उघडला. माहेरची गच्ची रिकामी, स्वच्छ. हुश्श!

मग सहज म्हणून तिनं चित्र सरकवत स्वतःच्या घरापाशी आणलं.

तिच्या गॅलरीत करडा आकार उभा होता. दोन्ही हात वर.

ती उठली. तिनं गॅलरीचं दार उघडलं. बाहेर कोणी नव्हतं. बाबांचा घामेजलेला शर्ट मात्र दोरीवर होता, धुतलेला, अजून ठिबकत. मघाशी तर तो तिनं बादलीत टाकून ठेवला होता.

"अहो, शर्ट तुम्ही धुतलात?"

"छे गं, मी कुठला? भाजी चिरतोय," स्वयंपाकघरातून नवरा म्हणाला.

शर्ट उलटा होता, कॉलर खाली. घेराला तीन लाकडी चिमटे. त्यांच्या घरात चिमटे कधी नव्हतेच. कपडे नुसते दोरीवर टाकायची सवय होती.