मागची सीट

झेनोबिओ आलानोका मास्तर दर रविवारी सकाळी दारात गाडी धुवायचा. उंच पठारावरच्या ओरुरो शहरात पाण्याची बोंब, वारा असा की हात फिरवून होईपर्यंत पुन्हा धूळ बसलेली, तरी बाह्या कोपरापर्यंत सारून तो तिच्या गोल पाठीवरून फडका फिरवत राही. गाडी लहानशी, आकाशी रंगाची. अशा गाडीला तिकडे सगळे पेटा म्हणतात, म्हणजे कासव. ती त्याच्याकडे लग्नाच्या आधीपासून होती. त्याची बायको प्रिमितिवा शेजारणींना सांगायची, "याचं पहिलं लग्न तिच्याशीच झालंय. मी दुसरी."

या गाडीत खायला बंदी होती. पावाचा कण सांडला तरी मास्तरचं तोंड आंबट व्हायचं. मुळात त्याला शिसारी फार लवकर यायची. दुसऱ्याच्या पेल्यावरचा ओठांचा ठसा, तळणीतल्या डुकराच्या मांसाचा वास, बसमध्ये शेजारच्याच्या मानेवरचा घाम, एवढं त्याच्या पोटात ढवळायला पुरे होई. म्हणून तर गाडी हवी होती. चार काचा लावल्या की जग बाहेर राहायचं.

तो वानुनीच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवायचा. वानुनी हे खाणीचं गाव, ओरुरोहून चढाचा रस्ता. पुढच्या सीटवर त्याच शाळेत शिकणारी मुलगी योवाना बसे, कारण मागे तिला गाडी लागायची. मागे सासूबाई, दोन्या एउलालिया. दोन्या म्हणजे तिकडे बाईसाहेब. त्या वानुनीच्या बाजारात चीज विकत. देह दोघींचा, त्यावर पाच घेरदार घागरे, आणि पेटाला दारं दोनच. पुढची सीट वाकवून त्यांना आत चढवणं हा गल्लीचा रोजचा तमाशा होता.

"ढकला हो जावई! लाजताय काय, मी काय काचेची आहे?"

मास्तर नजर दुसरीकडे करून दोन बोटांनी ढकलायचा. मग वानुनीपर्यंत बाईंचं तोंड बंद म्हणून होत नसे.

कार्निवलच्या मंगळवारी ओरुरोत घराला, दुकानाला, गाडीला जेवू घालतात. बॉनेटवर बिअर, चाकांवर पाकळ्या, आरशाला रंगीत कागद, आणि समोर शेगडीत निखाऱ्यावर साखरेच्या वड्या, सुगंधी पाला नि लामाची, म्हणजे तिकडच्या लोकरी ओझेवाहू जनावराची, चरबी. हे धरणीमातेचं, पाचामामाचं, ताट. तिचं पोट भरलं की ती गाडी सांभाळते. मास्तरला हे सगळं चिकट प्रकरण वाटायचं, पण घरात दोन बायकांपुढे त्याचं काही चालायचं नाही. त्या वर्षी चरबी आणायचं काम त्याच्याकडे आलं.

तो बाजारात गेला. बाईने वर्तमानपत्रावर पिवळे गोळे मांडले होते, त्यांच्यावर माश्या आणि आत कुठे कुठे केस. तिने एक गोळा उचलून अंगठ्याने दाबून दाखवला. मास्तरला तिथेच ओकारी येऊ घातली. तो मागे फिरला, किराणा दुकानातून वनस्पती तुपाचा पांढराशुभ्र पुडा घेतला आणि वर्तमानपत्रात गुंडाळून घरी आणला. चरबी ती चरबी, त्याने मनाशी म्हटलं. मुलांना तो हेच शिकवायचा.

शेगडीत ती झटकन आणि स्वच्छ जळाली. दोन्या एउलालियांनी नाक वर करून हुंगलं.

"वास कसा नाही आला यंदा?"

"ताजी होती," मास्तर म्हणाला.

पहिला डाग दिसला तो पाऊस सरल्यावर. मागच्या काचेला आतून बोटभर ओशट फराटा होता. मास्तरने फडक्याने पुसला, तर तो पसरला. पिवळसर, थंड, भांडी पुसायच्या जुन्या बोळ्यासारखा वास. सासूबाईंचं चीज, दुसरं काय. त्याने चीज झाकणाच्या डब्यात ठेवायला लावलं, मग टपावर बांधायला लावलं.

"उद्या मलाही टपावर बांधाल," बाई म्हणाल्या, पण ऐकलं त्यांनी.

ओशटपणा वाढला. आता तो मागच्या सीटच्या शिवणीतून यायचा. तळहाताने रेक्झिन दाबलं की टाक्याटाक्यातून बारीक थेंब वर येत, आणि हात काढला की सावकाश आत जात. मास्तर साबण, सोडा, रॉकेल, सगळं करून बसला. दिवसातून कितीदा तरी हात धुवू लागला. जेवताना बोटं नाकाशी नेऊन हुंगायचा आणि ताट सरकवायचा. प्रिमितिवाच्या हातचं सूपसुद्धा त्याला जाईना, कारण त्यावर तवंग असायचा.

आणि गाडी? गाडी कधी नव्हे इतकी सुरेख चालत होती. वानुनीच्या चढाला पूर्वी दुसऱ्या गिअरवर कण्हणारी ही म्हातारी आता तिसऱ्यावर हसत जायची. पेट्रोलचा काटा हलेना. इंजिन या गाडीला मागे, सीटच्या पाठीशी असतं. त्याचा आवाज पोट भरलेल्या मांजरासारखा झाला होता. तेल बघायला त्याने पट्टी बाहेर काढली, तर तेल खुणेच्या वर होतं. त्याने घातलं नव्हतं. फिकट होतं ते, आणि पट्टीवरून लवकर खाली उतरत नव्हतं.

दोन्या एउलालिया आता गाडीत बोलत नव्हत्या. बसल्या की झोपायच्या.

"ऊब आहे हो इथे मागे," त्या म्हणायच्या. "कुणी कुशीत घेतल्यासारखी."

घागऱ्यांच्या नाड्या आत आत सरकू लागल्या. आधी बाईंना त्याचं कौतुक वाटलं. बाजारातल्या बायका चिडवायच्या, म्हातारपणी कुणासाठी बारीक होतेस गं? मग गालांची कातडी लोंबू लागली. दवाखान्यात सगळ्या तपासण्या झाल्या, सगळं ठीक निघालं. त्यांना चढवायला आता कुणी ढकलावं लागत नव्हतं, आणि गल्लीत हसायलाही कुणी थांबत नव्हतं.

एका दुपारी प्रिमितिवा आईला आंघोळ घालून बाहेर आली ती पांढरी पडून.

"आईच्या बरगडीखाली खूण आहे. मिटलेली. शिवलेल्या कापडाला असते तशी."

"कधीतरी लागलं असेल."

"झेनो, कारिसिरीची खूण आहे ती."

मास्तर हसला. कारिसिरी म्हणजे झोपलेल्या प्रवाशाच्या अंगातली चरबी काढून नेणारा चोर. पठारावर प्रत्येक पोराला त्याची भीती घालून झोपवतात. "कारिसिरी बसमध्ये असतो म्हणतात. माझ्या गाडीत मी असतो, योवाना असते. त्यातलं कोण चोर?"

"गाडी विक," प्रिमितिवा म्हणाली.

त्याला राग आला. पण दुसऱ्या दिवशी त्याने शिवणीतला ओशटपणा काचेच्या नळीत खरवडून शाळेच्या प्रयोगशाळेत नेला. प्राण्याची चरबी होती, यात शंका नव्हती. बैलाची असती तर हातात घट्ट राहिली असती. ही त्याने मूठ मिटली तशी वितळली आणि बोटांच्या फटींतून मनगटावर आली. मास्तर मोरीवर जाऊन ओकला.

मग मात्र तो बाजारात गेला. श्वास रोखून खरी लामाची चरबी घेतली, छातीशी धरून आणली. शुक्रवारी भर दुपारी गाडीपुढे शेगडी पेटवली. साखर जळाली, पाला जळाला. चरबीचा गोळा लालभडक निखाऱ्यांवर तसाच बसून राहिला. त्याला साधा घाम फुटला नाही.

दोन्या एउलालिया उंबऱ्यात खुर्चीवर शाल गुंडाळून बसल्या होत्या. त्यांनी जावयाकडे बराच वेळ पाहिलं.

"त्या मंगळवारी काय घातलं होतं तुम्ही?"

मास्तर चिमट्याने निखारे उकरू लागला.

"आता तिला ही नको," बाई म्हणाल्या. "तिला दुसरी चव लागलीय."

त्यानंतर बाई गाडीत बसल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात मास्तरच्या शेजारी प्रयोगशाळेच्या बाटल्यांचं खोकं होतं, म्हणून योवाना मागे बसली. मागे बसलं की उलटी होणारी ही पोर त्या दिवशी निमूट झोपली. वानुनीला तिला उठवायला मास्तरला गालावर चापट्या माराव्या लागल्या. ती उतरली, आणि तिचं कडं मनगटावरून घसरून रस्त्यावर पडलं. सकाळी ते साबण लावूनही निघत नव्हतं.

"बाबा, असे काय बघताय?"

त्याने तिला बसने घरी पाठवलं.

रविवारी मास्तर गाड्यांच्या बाजारात उभा होता. पेटा उन्हात चकाकत होती. इतकी गुटगुटीत ती नवी असतानाही दिसली नसेल. तासाभरात गिऱ्हाईक आलं. तरणा नवरा, त्याची गोबरी बायको, पाठीवरच्या रंगीत कापडात रडणारं बाळ.

"किती छान ठेवलीय हो गाडी! विकवते तरी कशी?"

"विकायची आहे," मास्तर म्हणाला.

नवरा मागे इंजिनाचं झाकण उघडत होता. बायकोने दार उघडलं, आत वाकली आणि बाळाला मागच्या सीटवर निजवलं.

बाळ रडायचं थांबलं.

"अगं बाई! बघ, कसं झोपलं लगेच. बाळाला गाडी पसंत आहे."

मास्तरने तिला बाजूला लोटलं. वाकून बाळ उचललं. त्याची पाठ ओली होती. मास्तरचे हात घसरत होते.

"विकायची नाही," तो म्हणाला.

"अहो, आत्ताच तर म्हणालात—"

"नाही म्हटलं ना! चालते व्हा."

घरी त्याने प्रिमितिवाला सांगितलं की ही गाडी दुसऱ्याच्या दारात सोडणं पाप आहे. माझ्याकडे असेतो निदान ती कुणाचं घर खाणार नाही. आपलं कुणी तिच्यात बसायचं नाही, मी एकटाच चालवीन. बोलताना त्याला स्वतःचं बोलणं पटत होतं. भंगारात दे, प्रिमितिवा म्हणाली. तो एकदा भंगारवाल्याच्या फाटकापर्यंत गेलाही. तिथे एका पेटाची पाठ हातोड्याने चेपत होते. तो आवाज त्याला ऐकवला नाही.

एकटा चालवू लागल्यावर गाडी खंगली. चढाला खोकू लागली. शिवणी कोरड्या पडल्या. मास्तरला हायसं वाटलं.

मग पुढे, त्याच्याच सीटच्या पाठीवर, पहिला थेंब आला.

त्याची विजार सैल झाली. पट्ट्याला त्याने खिळ्याने नवीन भोक पाडलं. स्टिअरिंगवर डोळा लागू लागला. वळणावर एकदा चाक दरीच्या कडेला गेलं, आणि दचकून जागा झाला तेव्हा बरगडीखाली काहीतरी नुकतं मिटल्यासारखं वाटलं.

जूनची थंडी पडली; तिकडे हिवाळा जूनमध्येच येतो. पठारावरच्या त्या कोरड्या वाऱ्यात सकाळी फाट्यावर लोक बससाठी कुडकुडत उभे असतात. मास्तरने गाडी हळू केली. खाणीवर जाणारा एक काटकुळा गडी पुढे धावला. मास्तरने त्याच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. मग कडेला बोचक्यावर बसलेल्या बाईपाशी गाडी थांबवली. चांगली भरदार बाई होती. दंड शालीबाहेर आले होते.

"वानुनीला का? बसा की."

"देव भलं करो हो! पुढे बसू?"

"मागे बसा, मावशी. पुढची काढून टाकलीय मी, चढायला सोपं जावं म्हणून."

ती हसत आत शिरली. पहिल्या चढापर्यंत मुलांची नावं सांगत होती. दुसऱ्या चढाला आवाज बंद झाला. गाडीने तिसरा गिअर घेतला आणि घुमू लागली.

स्टिअरिंगवर पातळ, पिवळा थर आला. मास्तरने रुमाल काढला. थंडीने त्याची बोटं फुटली होती, सांध्यांवर चिरा पडून त्यांतून रक्त येत होतं. त्याने रुमाल परत खिशात ठेवला. एक हात स्टिअरिंगवर ठेवून त्याने दुसऱ्या हाताच्या चिरांवर तो थर नीट, सावकाश चोळला.

कोमट होता. बरं वाटलं त्याला.